ओळखींचे जाळे शिकवते का?

करिअर मार्गदर्शनाच्या कार्यक्रमांत अलीकडे एक सल्ला हमखास ऐकायला मिळतो. 'लिंक्डइनवर खाते उघडा, ओळखी वाढवा, आपल्या कामाविषयी नियमित लिहीत जा. संधी चालून येतील आणि शिकणेही आपोआप होत राहील.' हा सल्ला बारावीच्या मुलांना दिला जातो, पस्तिशी-चाळिशीतल्या नोकरदारांना दिला जातो आणि आपल्यासारख्या शिक्षकांनाही दिला जातो. सल्ला देणाऱ्यांचा हेतू चांगलाच असतो. पण विज्ञानाच्या शिक्षकाने कोणतेही विधान जसे तपासून घ्यावे, तसे हेही विधान तपासायला हवे.

नीट पाहिले तर या सल्ल्यात दोन वेगवेगळी विधाने आहेत. पहिले, ओळखींच्या जाळ्यामुळे माणसाला कामाची संधी मिळते. दुसरे, त्याच जाळ्यामुळे माणूस शिकतो. पहिल्या विधानाला चांगला पुरावा आहे, मात्र त्याला काही अटी आहेत. दुसऱ्या विधानाचा पुरावा फारच तोकडा आहे. दोन्ही विधाने एका दमात सांगितली की पहिल्याच्या बळावर दुसरेही खपून जाते. आमचा आक्षेप आहे तो याला.

तपासणीसाठी आपण एक ठिकाण समोर ठेवू : रायगड जिल्ह्यातील वडखळ.

वडखळचा नाका

मुंबईहून गोव्याकडे जाणारा महामार्ग पेण ओलांडून वडखळला येतो आणि तेथून एक फाटा अलिबागकडे जातो. बहुतेक प्रवासी वडखळला ओळखतात ते नाक्यावरच्या वाहतुकीच्या कोंडीमुळे. पण या नाक्याच्या आसपास औद्योगिक महाराष्ट्राचा एक मोठा तुकडा पसरलेला आहे. धरमतर खाडीच्या काठी डोलवी येथे पोलादाचा प्रचंड कारखाना आहे. पूर्वी तो इस्पात कंपनीचा होता, २०१० च्या अखेरीस तो जिंदाल समूहाकडे गेला. महामार्गाने पुढे गेले की नागोठण्याचा पेट्रोरसायन प्रकल्प लागतो. त्याच्याही पुढे रोह्याजवळ धाटावची रासायनिक वसाहत आहे. अलिबागच्या फाट्याने गेले तर थळचा खत कारखाना. आणि उलट दिशेला, पेण, हमरापूर, जोहे या भागात गणपतीच्या मूर्तींचे कारखाने.

म्हणजे वडखळच्या पंचक्रोशीतल्या माणसापुढे कामाचे अनेक मार्ग आहेत. येथे फिटर आहेत, वेल्डर आहेत, क्रेन चालवणारे आहेत, प्रयोगशाळेत नमुने तपासणारे आहेत, मोठी यंत्रे उचलून जागेवर बसवणारे खलाशी आहेत आणि मूर्तिकारही आहेत. यांतील बरेच जण ठेकेदाराकडे काम करतात. वयाच्या तिशीनंतर पुढे काय शिकावे, कोणाला विचारावे, बरे काम कोठे मिळेल, हे त्यांचे खरे प्रश्न आहेत. व्यावसायिक जाळ्यांचे गुणगान खरे असेल, तर त्याचा उपयोग या माणसांना व्हायला हवा.

सैल ओळखींचे बळ

पहिल्या विधानामागचे शास्त्र मनोरंजक आहे. अमेरिकी समाजशास्त्रज्ञ मार्क ग्रॅनोव्हेटर यांनी १९७३ मध्ये एक निबंध प्रसिद्ध केला. बोस्टनजवळच्या न्यूटन या गावात अलीकडेच नोकरी बदललेल्या लोकांना त्यांनी विचारले : ज्या ओळखीच्या माणसाकडून तुम्हांला या नोकरीची खबर लागली, त्याला तुम्ही किती वेळा भेटत होता? उत्तर अनपेक्षित होते. ओळखीतून नोकरी मिळालेल्यांपैकी वारंवार भेटणाऱ्या माणसाकडून खबर मिळालेले फक्त १६.७ टक्के निघाले. अधूनमधून भेटणाऱ्याकडून खबर मिळालेले ५५.६ टक्के होते आणि क्वचितच भेटणाऱ्याकडून मिळालेले २७.८ टक्के.

याचे कारण सोपे आहे. आपले जवळचे मित्र एकमेकांनाही ओळखतात. त्यामुळे त्यांना जे ठाऊक असते ते बहुधा आपल्यालाही ठाऊक असते. दूरची, सैल ओळख मात्र आपल्याला दुसऱ्याच गोटाशी जोडते. दोन गावांमध्ये एकच पूल असावा तशी ती असते. वडखळचा नाका बंद पडला की पेणकडून अलिबागला जाणारी वाहने जशी अडकून पडतात, तशी अशी एखादी ओळख तुटली की एका गोटातील बातमी दुसऱ्या गोटात जात नाही.

येथे विद्यार्थ्यांच्या लक्षात एक गोष्ट आणून द्यावी. वरील टक्केवारी अवघ्या ५४ माणसांवरून काढलेली आहे, आणि ती माणसे व्यावसायिक, तांत्रिक व व्यवस्थापकीय कामे करणारी होती. कल्पना भक्कम होती, पण नमुना लहान होता आणि एकाच थरातला होता. पुढची पन्नास वर्षे ही कल्पना पाठ्यपुस्तकांत गेली, भाषणांत गेली, आणि तिच्याबरोबर असायला हवी होती ती सावधगिरी वाटेत गळून पडली.

दोन कोटी माणसांवरचा प्रयोग

ओळखींचे जाळे संगणकावर आल्यानंतर ही कल्पना मोठ्या प्रमाणावर तपासता आली. लिंक्डइनची स्थापना २००२ च्या अखेरीस झाली आणि मे २००३ मध्ये ते लोकांसाठी खुले झाले. २०१६ मध्ये मायक्रोसॉफ्टने ते २६ अब्ज डॉलरहून अधिक किमतीला विकत घेतले. २०२३ मध्ये सभासदांची संख्या शंभर कोटींवर गेल्याचे कंपनीने जाहीर केले. या जाळ्यावर 'तुम्ही यांना ओळखत असाल' अशा सूचना सभासदाला दाखवल्या जातात. कोणाला कोणती नावे दाखवायची हे संगणकाचे सूत्र ठरवते.

२०१५ ते २०१९ या काळात या सूत्रात मुद्दाम फरक करून प्रयोग केले गेले. काही सभासदांना सैल ओळखींच्या सूचना जास्त दाखवल्या, काहींना घट्ट ओळखींच्या. दोन कोटींहून अधिक लोक या प्रयोगांत आले, दोनशे कोटी नव्या जोडण्या झाल्या आणि सहा लाख नव्या नोकऱ्यांची नोंद झाली. संशोधकांनी २०२२ मध्ये 'सायन्स' या नियतकालिकात निष्कर्ष मांडले. त्यांतील तीन गोष्टी आपल्या कामाच्या आहेत.

पहिली, ग्रॅनोव्हेटर यांची कल्पना ढोबळमानाने खरी ठरली. सैल ओळखींमुळे नोकरी बदलण्याची शक्यता वाढते. दुसरी, ओळख जितकी सैल तितकी चांगली, असे मात्र नाही. मध्यम सैल ओळखी सर्वांत उपयोगी ठरल्या. अगदीच नावापुरत्या ओळखींचा उपयोग घटत गेला. म्हणजे 'दिसेल त्याला जोडा, आकडा वाढवा' या सल्ल्याला हा प्रयोग दुजोरा देत नाही. तिसरी गोष्ट सर्वांत महत्त्वाची : ज्या उद्योगांत संगणकाचा, घरबसल्या कामाचा वाटा मोठा आहे तेथे सैल ओळखी अधिक उपयोगी पडल्या. ज्या उद्योगांत तो कमी आहे तेथे घट्ट ओळखी अधिक उपयोगी पडल्या.

या तिसऱ्या निष्कर्षाचा उच्चार मार्गदर्शनाच्या कार्यक्रमांत जवळजवळ होतच नाही. बंगळूर किंवा पुण्यातल्या संगणक अभियंत्याला दिलेला सल्ला जसाच्या तसा उचलून डोलवीच्या फिटरला दिला जातो. हा प्रयोग फिटर-वेल्डरांवर केलेला नव्हता, तेव्हा त्यातून ओढूनताणून अर्थ काढू नये, हे खरे. पण जो काही पुरावा हाती आहे तो या सल्ल्याच्या उलट दिशेला बोट दाखवतो. भट्टीजवळ, पाइपलाइनवर, क्रेनखाली काम करणाऱ्या माणसाची पारख त्याच्या शेजारी उभे राहून काम केलेल्या माणसालाच असते. हाताखाली शिकवणारा शिल्प निदेशक, सोबत पाळी केलेला सहकारी, काम पाहिलेला फोरमन यांचा शब्द तेथे चालतो. शेकडो अनोळखी नावांची यादी त्या शब्दाची जागा घेऊ शकत नाही.

जाळ्याला काय दिसते, काय दिसत नाही

समजा, वडखळजवळच्या गावात राहणारा एक खलाशी आहे. वय अडतीस. शिक्षण दहावीपर्यंत. पंधरा वर्षे त्याने कारखान्यांच्या शटडाऊनमध्ये काम केले आहे. वीस टनांचा पंखा जुन्या पायावरून उचलून नव्या पायावर ठेवायचा असेल तर स्लिंग कोठे बांधायची, चेन-पुली किती लावायच्या, भार कोणत्या बाजूला झुकेल हे त्याला नजरेने कळते. स्लिंगच्या दोन दोरांमधला कोन वाढला की प्रत्येक दोरावरचा ताण वाढतो, हे बलांच्या समांतरभुज चौकोनाचे गणित त्याने फळ्यावर कधी सोडवलेले नाही. पण चुकीचा कोन तो कधी धरणार नाही, कारण त्याखाली त्याचीच माणसे उभी असतात.

हा माणूस व्यावसायिक जाळ्यावर गेला तर काय होईल? पहिली अडचण शब्दांची. तो स्वतःला खलाशी म्हणतो, माणसे शोधणारी कंपनी 'रिगर' हा शब्द टाकून शोधते. संगणकाचा शोध शब्द जुळवण्यातून सुरू होतो. शब्द जुळला नाही की माणूस नाहीसा होतो. दुसरी अडचण भाषेची. लिंक्डइनने हिंदीची सोय २०२१ मध्ये केली, नंतर मराठीचीही भर पडली. पण बटणांवरची भाषा बदलली म्हणून जाहिरातींची, अर्जांची आणि मोठ्या कंपन्यांच्या व्यवहाराची भाषा बदलत नाही. तिसरी अडचण कागदाची. जाळ्यावर जागा असते ती पदवीला, प्रमाणपत्राला, पदनामाला. पंधरा वर्षांची नजर लिहायला तेथे रकाना नाही. ठेकेदार बदलत गेले असतील तर अनुभवाचा दाखलाही सलग नसतो.

त्यामुळे घडते असे की ज्याची बाजू आधीच कागदावर भक्कम आहे, तो जाळ्यावर अधिक उठून दिसतो. ज्याचे ज्ञान हातात आणि नजरेत आहे, तो आणखी मागे ढकलला जातो. मग त्यालाच सांगितले जाते, 'तुझे प्रोफाइल नीट नाही.' काम न मिळण्याची कारणे ठेका पद्धतीत असतील, मंदीत असतील, प्रशिक्षणाच्या अभावात असतील. पण दोष येऊन पडतो त्या माणसाच्या स्वतःला मांडण्याच्या कौशल्यावर. हे आम्हांला अन्यायाचे वाटते.

या माणसाला आधी हवी आहे त्याच्या कौशल्याची मान्यता. प्रधानमंत्री कौशल विकास योजनेत २०१५ पासून, आधीच अंगी असलेल्या कौशल्याची परीक्षा घेऊन प्रमाणपत्र देण्याची तरतूद करण्यात आली. जाळ्यावर खाते उघडण्याआधी अशा परीक्षेची चौकशी करणे त्याच्या जास्त उपयोगाचे आहे. हे त्याला कोण सांगणार? बहुधा त्याच्या मुलीचे शिक्षक.

कळणे आणि शिकणे

आता दुसऱ्या विधानाकडे वळू. जाळ्यामुळे माणूस शिकतो का?

प्रौढांचे शिकणे मुलांच्या शिकण्याहून काही बाबतींत वेगळे असते, असा विचार माल्कम नोल्स यांनी १९७० च्या सुमारास ठसठशीतपणे मांडला. प्रौढाच्या गाठीशी अनुभव असतो, त्याला समोरचा प्रश्न सोडवायचा असतो, आणि काय शिकायचे ते स्वतः ठरवायचे असते. जाळ्यांचे समर्थक नोल्स यांचा आधार घेतात. प्रौढ माणूस आपल्याला हवे ते हवे तेव्हा शोधून शिकेल, मग त्याला शाळा कशाला, असा त्यांचा युक्तिवाद असतो. पण काय शिकायचे ते स्वतः ठरवणे वेगळे आणि एकट्याने शिकणे वेगळे.

जीन लेव्ह आणि एटिएन वेंगर यांचे १९९१ मधले पुस्तक येथे उपयोगी पडते. कामातून माणसे कशी शिकतात हे दाखवताना त्यांनी पश्चिम आफ्रिकेतील लायबेरियाच्या शिंप्यांचे उदाहरण दिले आहे. तेथे उमेदवार आधी बटणे लावतो, काठ दुमडतो, म्हणजे तयार कपड्यावरचे शेवटचे काम करतो. मग शिवणे आणि सर्वांत शेवटी कापड बेतणे. शेवटच्या कामात चूक झाली तर ती उसवता येते. कापड चुकीचे कापले तर ते वाया जाते. म्हणून शिकण्याचा क्रम कामाच्या क्रमाच्या उलट. शिवाय शेवटचे काम आधी केल्याने अख्खा कपडा कसा असतो हे उमेदवाराला पहिल्याच दिवसापासून दिसत राहते.

आता पेणच्या गणपती कारखान्याकडे पाहा. तेथेही नवा मुलगा डोळ्यांच्या आखणीला बसत नाही. आखणी ही कसबी हाताची कामगिरी आहे. नवशिक्या आधी हलकी कामे करतो आणि ती करता करता आखणी करणाऱ्या हाताकडे पाहत असतो. त्याचे चुकले तर शेजारचा लगेच टोकतो. येथे शिकणे घडते ते तीन गोष्टींमुळे : काम खरे असते, चूक दिसते, आणि चूक दाखवणारा शेजारी असतो.

व्यावसायिक जाळ्यावर या तीनपैकी किती गोष्टी आहेत? वेल्डिंगची चित्रफीत पाहता येते, आणि ती चांगली असेल तर उपयोगही होतो. पण इलेक्ट्रोड धरण्याचा कोन माझा चुकतो आहे की तुमचा, हे चित्रफितीला दिसत नाही. जोडात बुडबुडे राहिले तर ते का राहिले, हात जलद चालला की इलेक्ट्रोड दमट होते, हे सांगणारा जवळ लागतो. शिवाय जाळ्यावर लोक यश मांडतात. 'मला हे जमत नाही' असे लिहिणारा विरळा, कारण ते वाचणाऱ्यांत उद्या नोकरी देणारा असू शकतो. आणि जेथे 'मला जमत नाही' असे म्हणता येत नाही तेथे शिकणे कठीण असते, हे शिक्षकांना वेगळे सांगायला नको.

यावर उत्तर दिले जाते की जाळ्याला जोडून अभ्यासक्रमही असतात. लिंक्डइनने २०१५ मध्ये लिंडा ही अभ्यासक्रम देणारी कंपनी दीड अब्ज डॉलरला घेतली ती याच उद्देशाने. पण ऑनलाइन अभ्यासक्रमांचा अनुभव काय सांगतो? हार्वर्ड आणि एमआयटी या विद्यापीठांच्या खुल्या ऑनलाइन अभ्यासक्रमांचा आढावा २०१९ मध्ये 'सायन्स'मध्येच आला. २०१७-१८ या वर्षी नाव नोंदवणाऱ्यांपैकी जेमतेम ३ टक्के लोकांनी अभ्यासक्रम पूर्ण केला. पैसे भरून प्रमाणपत्रासाठी बसलेल्यांत हे प्रमाण ४६ टक्के होते. म्हणजे निश्चय आणि निमित्त असेल तर माणसे पुरे करतात. पण 'सारे ज्ञान खुले केले, आता जो तो शिकेल' ही अपेक्षा फोल ठरली.

आपले स्वतःचे उदाहरण

शिक्षकांनी दुसऱ्यांच्या शिकण्याची चिकित्सा करताना आपल्याकडेही पाहावे. शिक्षकांसाठी 'दीक्षा' हे व्यासपीठ सप्टेंबर २०१७ मध्ये सुरू झाले. 'निष्ठा' हे प्रशिक्षण २०१९ मध्ये समोरासमोर सुरू झाले आणि महासाथीमुळे २०२० मध्ये ते दीक्षावर गेले. २०२२ मध्ये राज्यातील शिक्षकांचे वरिष्ठ व निवड श्रेणीचे प्रशिक्षणही ऑनलाइन घेण्यात आले. यांचे काही फायदे उघड आहेत. दुर्गम शाळेतील शिक्षकाला तालुक्याला खेपा घालाव्या लागत नाहीत. सर्वांना तोच मजकूर मिळतो, मधल्या पायऱ्यांवर तो पातळ होत नाही. पण ज्यांनी ही प्रशिक्षणे पूर्ण केली त्यांनी स्वतःला एक प्रश्न प्रामाणिकपणे विचारावा : त्यातील कोणत्या गोष्टीमुळे माझ्या वर्गात काही बदलले? आणि बदलले असेल तर ते चित्रफीत पाहून, की नंतर शेजारच्या शाळेतील कोणाशी त्यावर बोलून?

याच्या उलट बाजूचे उदाहरणही सांगितले पाहिजे. सोलापूर जिल्ह्यातील परितेवाडीच्या जिल्हा परिषद शाळेतील शिक्षक रणजितसिंह डिसले यांना २०२० चे ग्लोबल टीचर प्राइझ मिळाले. पाठ्यपुस्तकांत क्यूआर कोड वापरण्याचे त्यांचे काम सर्वांना माहीत आहे. इंटरनेटवरून इतर देशांतील शिक्षकांशी संपर्क ठेवून त्यांनी तेथील मुलांना आणि इथल्या मुलांना एकत्र आणणारे उपक्रमही केले. जाळ्याचा उपयोग कसा करावा याचा हा नमुना आहे. पण त्यातील क्रम ध्यानात घ्यावा. आधी वर्गात एक अडचण होती, तिच्यावर केलेले काम होते; जाळ्याने ते काम दूरवर नेले आणि दुरून सोबती मिळवून दिले. सांगण्यासारखे काम नसताना केवळ खाते उघडून हे घडले नसते.

जाळे कोणाच्या मालकीचे?

आणखी एक बाजू टीकाकाराने डोळ्यांआड करू नये. ही जाळी खासगी कंपन्यांची आहेत. सभासदाने अधिक वेळ तेथे घालवावा, काही सोयी पैसे देऊन घ्याव्यात, यात त्यांचा फायदा असतो. सभासदाने आपला प्रश्न सोडवून लवकर निघून जावे, यात तो नसतो. वर सांगितलेल्या प्रयोगातल्या दोन कोटी लोकांना आपल्यावर असा प्रयोग चालू आहे हे वेगळे कळवलेले नव्हते, यावर २०२२ मध्ये टीकाही झाली. सभासदत्वाच्या अटींत हे बसते, असे कंपनीचे म्हणणे होते. पण कोणाला कोणती ओळख सुचवायची यावर कोणाची तरी नोकरी अवलंबून असते, हेच तर त्या प्रयोगाने सिद्ध केले. मग ते सूत्र काय आहे हे विचारण्याचा हक्क सभासदाला असायला नको का?

फसवणुकीचा धोकाही खरा आहे. सप्टेंबर २०२२ मध्ये भारताच्या परराष्ट्र मंत्रालयाने तरुणांना जाहीर इशारा दिला होता. थायलंडमध्ये चांगल्या पगाराची नोकरी असल्याच्या जाहिराती समाजमाध्यमांतून करून तरुणांना म्यानमारमध्ये नेले जात होते आणि तेथे डांबून त्यांच्याकडून काम करून घेतले जात होते. विद्यार्थ्यांना आणि पालकांना तीन नियम पाठ करून द्यावेत. नोकरी देण्यासाठी पैसे मागणारा नोकरी देत नाही. कंपनीचे पत्र आले तर ते त्या कंपनीच्या कार्यालयात विचारून खरे करून घ्यावे. आणि आधार, बँक खाते यांचे तपशील मुलाखतीआधी कोणालाही देऊ नयेत. पैसे गेलेच तर १९३० या क्रमांकावर ताबडतोब तक्रार करावी.

मग काय करावे?

व्यावसायिक जाळी टाकून द्यावीत, असे आम्ही म्हणत नाही. त्यांना त्यांच्या जागी ठेवावे. जाळे हा एक मोठा सूचनाफलक आहे. कोणत्या कामाला आज काय म्हणतात, कोणते कौशल्य मागितले जाते, कोणत्या गावी काय चालले आहे हे तेथे कळते. नाक्यावरच्या खलाशाला आपल्या कामाला 'रिगर' म्हणतात एवढे जरी तेथे कळले, तरी ते मोलाचे आहे. केंद्र सरकारची २०१५ पासूनची राष्ट्रीय करिअर सेवा आणि राज्याचे महास्वयम् ही संकेतस्थळेही याच कामासाठी पाहावीत.

शिकण्यासाठी मात्र जवळची माणसे गोळा करावीत. एखाद्या शाळेने महिन्यातून एका संध्याकाळी आपले वर्ग गावातल्या कामगारांना उघडे करून द्यावेत. चार फिटर, एक निवृत्त फोरमन आणि एक विज्ञान शिक्षक एका टेबलाभोवती बसले, ऑनलाइन अभ्यासक्रमातला एक पाठ एकत्र पाहिला आणि त्यावर बोलले, तर त्या पाठाचा अर्थ बदलतो. चूक दाखवणारा शेजारी तेथे हजर असतो. स्लिंगच्या कोनाचे गणित शिक्षक सांगेल, नजर खलाशी सांगेल. दोघेही काही शिकतील. केंद्राच्या शिक्षण परिषदेतही हेच करता येईल. परिपत्रके वाचून झाल्यावर अर्धा तास 'मला न जमलेला एक पाठ' यासाठी ठेवावा.

वर्गात करून पाहा

आठवीपासून पुढच्या कोणत्याही वर्गात हा प्रयोग एका तासिकेत होतो. फळ्यावर प्रत्येक विद्यार्थ्यासाठी एक ठिपका काढा. वर्गात ४० मुले असतील तर सर्वांना सर्वांशी जोडायला ७८० रेषा लागतील. चाळिसाला एकोणचाळीसने गुणून दोनाने का भागायचे, हे मुलांनाच विचारा.

आता प्रत्येकाने दोन प्रश्नांची उत्तरे चिठ्ठीवर लिहावीत. गेल्या महिन्यात वर्गातल्या कोणाकडून तुला एखादी नवी बातमी कळली? आणि वर्गातल्या कोणाकडून तू एखादी गोष्ट करायला शिकलास किंवा शिकलीस? पहिल्या उत्तरांच्या रेषा पांढऱ्या खडूने काढा, दुसऱ्यांच्या लाल खडूने. कोणता ठिपका पुसला तर वर्गाचे दोन तुकडे पडतात ते शोधा. पांढऱ्या आणि लाल रेषांची संख्या मोजा, आणि दोन्ही एकाच जागी पडतात का ते पाहा. एकही लाल रेषा ज्याच्याकडे जात नाही असा ठिपका कोणता, हे मात्र मोठ्याने वाचू नका. ते फक्त तुम्ही टिपून ठेवा.

हाच प्रयोग मुलांनी घरी आई-वडिलांच्या कामाविषयी करावा : काम कोणाकडून कळले आणि काम कोणाकडून शिकलात. वडखळच्या पंचक्रोशीतल्या शाळांत तर हा प्रयोग जरूर करावा. आलेल्या चिठ्ठ्यांवरून गावातील कामाचे शिक्षक कोण आहेत याची यादी शाळेला सहज तयार करता येईल. महिन्यातून एकदा ज्यांना वर्गात बोलवायचे त्यांची नावे त्या यादीतून निघतील.